वैशाखातला वाकस

२ मे

गल्लीतल्या सुतारकाकूंच्या घराचं माळवद आज उतरवलं. गेल्या पावसाळ्यात दोन खणांत गळत होतं, आता वर पत्रे पडणार. मजूर घमेल्यांनी पांढरी माती खाली ओतत होते. भिंतीतली बुजलेली एक देवळी मोकळी झाली आणि आतून काकांच्या हत्यारांचं गोणपाट निघालं. किकरं, पटाशी, गिरमिट, करवतीचं पातं आणि सगळ्यांत खाली वाकस. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्यात फर्निचरच्या कामावर आहे. तिथं रंधाही विजेवर चालतो.

काकू म्हणाल्या, "त्यात काय राह्यलंय बाबा आता? भंगारवाला नेईल किलोनं."

वाकस हातात घेतला. नेढं कुठं संपतं आणि पातं कुठून सुरू होतं ते बोटांना कळेना. एका अंगाला गंजाचे पापुद्रे, दुसऱ्या अंगाला माती आणि गंज मिळून झालेली घट्ट खपली. नेढ्यात जुन्या दांड्याचा कुजका बुंधा तसाच. "मी नीट करू का हा?" विचारलं. त्या थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"कर. पण भिंतीला टांगायला करू नको. कामाचा होता तो."

त्यांनी अट घातली ते बरं झालं. काय करायचं आणि कुठं थांबायचं हे त्या एका वाक्यातच ठरलं.

३ मे

देवळीत, भिंतीच्या आत राहून एवढा गंज का चढावा? कारण माळवदाची पांढरी माती. गावाच्या जुन्या पांढरीतून, गढीच्या ढिगातून ती आणतात. पावसाचं पाणी ती सहसा आत सोडत नाही म्हणून आपल्या भागात छपरावर हीच माती. पण ती खारी असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, गुरांचं मूत, सगळं तिच्यात मुरलेलं. माळवद गळायला लागलं की हा खार पाण्याबरोबर खाली उतरतो. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी पुरतं, पण मीठ असेल तर तेच काम झपाट्यानं होतं. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे पाऊस थांबला तरी लोखंडाचा पृष्ठभाग कोरडा होत नाही. जी बाजू मातीला टेकली होती तीच जास्त खाल्ली गेली आहे.

म्हणून वरवर घासून भागणार नाही. गंज निघेल, पण बारीक खड्ड्यांच्या तळाशी मीठ बसलेलं राहील, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून पुन्हा तांबूस घाम फुटेल.

चौकातला वेल्डिंगवाला म्हणाला, "गुरुजी, द्या इकडं. ग्राइंडर मारतो, दोन मिनिटांत चांदीसारखा." तो मनापासून म्हणत होता. पण ग्राइंडर गंजाबरोबर चांगलं लोखंडही नेतो, आणि धारेजवळ टेकला तर पोलाद क्षणात निळं पडून त्याचं पाणी उतरतं. दिसायला नवं आणि कापायला मऊ, असा वाकस मला नको.

४ मे

कुजका बुंधा काढला. गावात सोपी रीत म्हणजे हत्यार चुलीत टाकायचं, दांडा जळून नेढं मोकळं होतं. पण चुलीच्या आचेत धारही तापते आणि पाणी उतरतं. म्हणून लाकडात गिरमिटानं भोकं पाडली आणि उरलेलं छिन्नीनं फोडून काढलं. दुपारभर हेच चाललं. बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नाही.

मग लाकडी हातोडीनं हलक्या टिचक्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो स्वतःच्याच दाबानं उकलत असतो. योग्य जागी टिचकी बसली की रुपयाएवढा पापुद्रा सुटतो. खाली काळं, घट्ट लोखंड.

काकांचं काम मी लहानपणी तासन्‌तास पाहिलं आहे. ते उकिडवे बसत, लाकूड डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि तळव्याखाली दाबून धरत आणि वाकस त्या पायापासून बोटभर अंतरावर उतरत असे. ढलप्या उडत. तिफणीची दांडी, वखराचं रुमणं, जुवाची शिवळ, चाडं, सगळं या एका हत्यारानं आकाराला यायचं. किकरं आणि पटाशी नंतर, भोकं घ्यायला. माथ्यानं पाचर ठोकायची, पात्यानं तासायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात सुतार थोरल्या ओळीतला बलुतेदार आहे. कुणब्याचं औत वर्षभर चालतं ठेवायचं आणि सुगीत खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं. आमच्या गावात मी त्याचं शेवटचं टोक पाहिलं. काकूंच्या घरात ज्वारीची कणगी भरायची ती या वाकसाच्या जोरावर.

७ मे

आज सोड्याचं काम. प्लास्टिकची बादली, चार-पाच लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचं बारा व्होल्टचं यंत्र शेजाऱ्याकडून आणलं. वाकस तारेनं मधोमध लोंबता ठेवला आणि त्याला ऋण टोक जोडलं. कडेनं बांधकामातल्या सळ्यांचे तुकडे उभे करून ते सगळे धन टोकाला. वाकस आणि सळई एकमेकांना टेकता कामा नयेत. सळ्या सगळ्या बाजूंनी हव्यात, कारण जी बाजू सळईच्या समोर नसते तिथला गंज फारसा हलत नाही.

वीज सुरू होताच वाकसावरून बारीक बुडबुडे उठू लागले. तो हायड्रोजन. म्हणून हे अंगणात, उघड्यावर; आसपास विडी-काडी नाही. स्टीलचा जुना डबा धन टोकाला लावायचा मोह होतो, पण लावू नये, त्यातला क्रोमियम पाण्यात उतरून ते पाणी विषारी होतं. मीठही घालू नये, क्लोरीन सुटतो.

या रीतीचा मला मोठा आधार वाटतो तो एवढ्यासाठी, की ती चांगल्या लोखंडाला हात लावत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर गंज खातात, पण विसरलात तर लोखंडही खातात. इथं तांबडा गंज काळा होतो, सैल पडतो, आणि खड्ड्यांत अडकलेला क्षारही बाहेर पडायला लागतो. जुन्या वस्तू जपणारे लोक हीच रीत वापरतात.

दुपारी वीज गेली. संध्याकाळी आली. रात्री पुन्हा जोडलं.

८ मे

पाणी गढूळ, वर तांबडा फेस, सळ्या खंगलेल्या. वाकस काळा निघाला. पितळी तारेच्या ब्रशनं घासला तर काजळी हाताला येते आणि खाली राखाडी लोखंड. आता आकार दिसला. पात्याची धार चार बोटं रुंद, आणि एका कोपऱ्यात जास्त झिजलेली. काकांचा घाव कायम त्याच कोपऱ्यानं आधी बसायचा. धार लावताना हा कोपरा सरळ करायचा की नाही, हे ठरवायचं आहे.

मातीकडच्या अंगाला खड्डे खोल आहेत. नेढ्याच्या एका भिंतीत तर नखाचं टोक बसेल एवढे.

११ मे

मीठ काढायचं तर वाकस गोड्या पाण्यात भिजवून पाणी पुन्हापुन्हा बदलायला हवं. पण आमच्या बोअरचं पाणीच खारट. शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट आहे. बोअरच्या पाण्यात आधी नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला (नाहीतर पाण्यातला कार्बोनेटही पांढरा साका देऊन फसवतो) आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. लगेच पांढरा ढग. ज्या पाण्यातच क्लोराइड आहे त्यानं क्लोराइड कसं धुवायचं?

काल रात्री अवकाळी आला. वारा, गारा, मग तासभर धो-धो. शिवारात आंबा झडला, कुणाचा कडबा भिजला. सकाळपासून सगळे त्याच बोलण्यात, आणि ते खरं नुकसान आहे. मी पत्र्याच्या वळचणीला लावलेले हंडे मात्र भरले. पहिली पत्रा धुणारी धार सोडून दिली होती. या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर पाणी जवळजवळ नितळच राहिलं.

आता हेच पाणी. वाकस त्यात उकळायचा, थंड होऊ द्यायचा, पाणी तपासायचं, बदलायचं.

१३ मे

आज धुण्याच्या पाण्यात ढग दिसला नाही. वाकस शेवटचा गरम पाण्यातून काढून लगेच उन्हात. गरम लोखंडावरचं पाणी आपोआप उडून जातं आणि नवा गंज धरायला वेळ मिळत नाही.

मग पात्याचा एक भाग बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत केला आणि त्यावर लिंबाचा रस फिरवला. थोड्या वेळानं धारेपासून दोन बोटं आत एक वळणदार रेघ उमटली. रेघेच्या धारेकडचा भाग काळसर, नेढ्याकडचा उजळ, आणि त्या उजळ भागात लाकडाच्या रेषांसारखे लांब धागे. म्हणजे सगळा वाकस पोलादी नाही. अंग मऊ घडीव लोखंडाचं, आणि धारेपुरतं पोलाद तापवून, ठोकून एकजीव केलेलं. कानस फिरवून खात्री केली. अंगावर कानस चावते, धारेवर घसरते.

मी ही रेघ बराच वेळ पाहत बसलो. पोलाद महाग आणि लोखंड स्वस्त असण्याच्या काळातला हा हिशेब आहे. पोलाद फक्त जिथं कापायचं तिथं. मऊ अंग धक्के सोसतं, कडक धार टिकते. पूर्ण कडक केला असता तर बाभळीच्या गाठीवर तडकला असता.

आमच्या गोदावरीनं खाली नांदेडवरून पुढं गेलं की तेलंगणातला निजामाबाद जिल्हा लागतो. तिथं कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. मुशीत लोखंड वितळवून तिथं जे पोलाद होई ते घ्यायला इराणी व्यापारी येऊन राहत. हेन्री व्हॉयसीनं ती सगळी रीत पाहून नोंदवली, आणि ती नोंद १८३२ साली छापली गेली. तलवारींचं ते पोलाद. आमच्या सुताराच्या वाकसात ते असण्याचं काही कारण नाही. मनमाड–सिकंदराबाद रेल्वे परभणीवरून गेली ती विसाव्या शतकाच्या तोंडाशी, आणि त्यानंतर लोहाराला कारखान्याचं पोलाद हाताशी आलं. हे तसलंच असेल. पण दोन धातू एका आचेत सांधण्याची करामत इथल्याच कुणा लोहाराची, आणि तो सांधा इतक्या मिठात राहूनही सुटलेला नाही.

एक गोष्ट आज पक्की समजली. या वाकसाचं आयुष्य म्हणजे ही दोन बोटं. प्रत्येक धार लावताना त्यातलं थोडं जातं. गंजानं काही खाल्लं, काकांनी काही वापरलं. मी वाया घालवायचं नाही.

१४ मे

खड्ड्यांत जो काळा-तांबूस गंज अजून चिकटून आहे तो खरवडत बसलो तर अंग पातळ होईल. म्हणून बाभळीच्या सालीचा काढा. साल रात्रभर भिजवून उकळली, दाट तांबडं पाणी झालं. चामडं कमावायला हीच साल वापरत. तिच्यातलं टॅनिन गंजाशी जुळून निळसर काळं संयुग होतं आणि जागीच बसतं. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच क्रियेनं काळी व्हायची. धार सोडून बाकी अंगाला हात दिले. प्रत्येक हात वाळू द्यायचा.

१८ मे

परभणीला गेलो. कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची, म्हणून या दिवशी खरीप मेळावा असतो. बियाण्याच्या रांगा लांबच लांब. मी अवजारांकडे वळलो. विद्यापीठात पशुशक्तीच्या वापरावर संशोधन करणारी योजना आहे, बैलांनी ओढायच्या सुधारित अवजारांचं काम तिथं होतं. लोखंडी चौकट, बी आणि खत एकाच वेळी पडेल अशी पेरणीयंत्रं. चांगलं काम आहे, लहान शेतकऱ्याच्या कामाचं. पण यातल्या कशालाही वाकस लागत नाही, नट-बोल्ट आणि पाना लागतो. बैलच कमी झाले, तर शिवळा तासणार कोण आणि कोणासाठी?

तरी आमच्या शिवारात काही जोड्या अजून आहेत. कपाशीत, तुरीत उभ्या पिकातून कोळपं हाकायला बैलाला पर्याय त्यांना परवडत नाही. त्यांचं रुमणं मोडलं की ते लांबच्या गावी मिस्त्री शोधत जातात. हा वाकस त्यांच्यासाठी.

येताना जवसाचं तेल आणलं.

२१ मे

धारेच्या झिजलेल्या कोपऱ्यात कानस चावली. तेवढ्या भागाचं पाणी गेलेलं आहे, कधीतरी कुणी यंत्रावर धार लावली असावी. म्हणजे पुन्हा पाणी देणं आलं, आणि ते माझं काम नव्हे.

गावाबाहेर आखाड्याजवळ घिसाडी उतरलेत. मृगाच्या आधी दरवर्षी येतात. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पासा पाजवून देतात आणि पुढच्या गावाला जातात. म्हाताऱ्यानं सांडशी धरलेली, सून घण मारत होती, नात हातपंखा फिरवत होती. भात्याची जागा आता पंख्यानं घेतली. बाईनं वाकस हातात घेतला, दोरीला टांगला आणि छोट्या हातोडीनं एकच टोला दिला. आवाज स्वच्छ वाजला.

"तडा न्हाई भाऊ. तडा असता तर बद्द वाजला असता. कुणी धुतलाय एवढा?"

मी सांगितलं. ती म्हाताऱ्याला त्यांच्या बोलीत काही म्हणाली आणि दोघं हसले, पण प्रेमानं.

ऊन उतरेपर्यंत त्यांनी थांबवलं. उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. दिवेलागणीला कोळसा फुलवला. घण लागला नाही. एवढं जुनं, खड्डे पडलेलं अंग ठोकायचं नाही असं म्हाताऱ्यानंच ठरवलं. धार हळूहळू लाल झाली. माझ्याकडे काठीला बांधलेलं लोहचुंबक होतं. सुमारे ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला धरत नाही. मी चुंबक जवळ नेला, अजून ओढत होता. "जरा थांब," म्हातारा म्हणाला. थोड्या वेळानं तो स्वतःच "आता" म्हणाला. चुंबकाला ओढ राहिली नव्हती. पोरवयापासून आगीत पाहणाऱ्या डोळ्यांना तो आकडा लागत नाही.

फक्त धार पाण्यात, आणि तीही खालीवर हलवत, नाहीतर पाण्याच्या रेघेवर तडा जातो. बाहेर काढली. कानस लावली, काचेवरून गेल्यासारखी घसरली. एवढी कडक धार मात्र ठिसूळ. म्हणून विटेच्या तुकड्यानं घासून पांढरी केली आणि अंगात उरलेली धग धारेकडे सरकू दिली. रंग चालत आले. आधी वाळल्या गवताचा पिवळा, सुमारे २२० अंश. मग तांबूस. त्यामागून जांभळा, २८०च्या आसपास. पटाशी असती तर तांबूस रंगावर थांबले असते. वाकसाला घाव सोसायचा असतो. जांभळ्याची पहिली कड धारेला टेकली आणि बाई म्हणाली, "बस." पुन्हा पाण्यात.

शासनाच्या यादीत घिसाडी भटक्या जमातीत येतात. पालाच्या बाहेर तिची दोन लेकरं वाळूत खेळत होती. शाळा उघडेल तेव्हा ती कुठल्या शिवारात असतील, हे तिला आज सांगता आलं नाही. त्यांची नावं आमच्या शाळेच्या पटावर कशी घेता येतील, तेही मी तिच्याशी बोललो. जिथं असतील तिथून निरोप धाडीन म्हणाली.

२४ मे

धार. आधी कुरुंदाचा दगड, नंतर काळ्या पाषाणाची गुळगुळीत चीप, भरपूर पाणी घालून. वाकसाची धार एका अंगानंच उतरती असते, दांड्याकडच्या. बाहेरचं अंग सपाट. सपाट अंगाला फक्त आडवं टेकवून लव मोडायची. झिजलेला कोपरा पूर्ण सरळ करायचा तर सगळ्या धारेचं पोलाद करंगळीच्या जाडीइतकं मागं न्यावं लागलं असतं. तसाच ठेवला. थोडी तिरकी धार चालते, काकांची चालली.

२७ मे

दांडा. मोडीत निघालेल्या तिफणीच्या दांडीचा तुकडा मिळाला, वर्षानुवर्षं वाळलेली बाभूळ. ओल्या लाकडाचा दांडा आज घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात आकसून सैल होतो. मग लोक हत्यार पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, नेढ्यात चिरडतं, आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल पडतं. पाचर बाभळीचीच घातली.

दांड्याला कोमट जवस तेलाचे हात, अंगालाही पुसट. जवस हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर या उन्हात आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून ठेवल्या. आपल्या भागात पूर्वी करडई जाळून काढलेलं काळं तेल मोटेच्या चामड्याला आणि दोरांना लावत, पाणी लागू नये म्हणून. करडई आजही इथं पिकते, विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचं वाणही दिलं. ते काळं तेल काढणारं मात्र आता कुणी भेटत नाही.

२ जून

दुधनेच्या पलीकडून मिस्त्री आले. सत्तरीचे आहेत, औताची कामं अजून करतात. त्यांनी वाकस उलटसुलट केला, रेघेवरून अंगठा फिरवला. फळीवर टेकवून धार आणि दांड्याचं टोक पाहिलं.

"धार ठीक हाय गुरुजी. दांडा मात्र जास्त उभा बसलाय. घाव खोल जाईल, लाकूड फाडील."

पाचर काढली, नेढ्यातल्या दांड्याच्या वरच्या अंगानं पातळ ढलपी घेतली, पुन्हा ठोकली. मग गल्लीतल्या एकाचं मोडलेलं रुमणं बदलायचं होतं, त्यासाठीचं बाभळीचं लाकूड पायाखाली घेतलं. पहिले घाव हलके, मग हात मोकळा झाला. गाठ आली तेव्हा मी पुढं झुकलो. त्यांनी घाव न बदलता गाठ दोन्ही बाजूंनी उतरवली. काम झाल्यावर धार उन्हात धरली. कुठं दात पडला नव्हता.

काकू दारात उभ्या होत्या. मिस्त्रींना म्हणाल्या, "मिरगापर्यंत राहू द्या तुमच्याकडं. लोकांची औतं खोळंबलीत." मग माझ्याकडे वळून, "आणि ते किकरं न्यायचं राह्यलं तुझं."

४ जून

किकरं आणलं. धारेजवळ कानस लावून पाहिली, पोलाद बोटभर उरलंय. एका बाजूला मातीची खपली आहे, ती आधी टिचक्यांनी. हंड्यात पावसाचं पाणी अर्धं शिल्लक आहे, तेवढं पुरेल.